मालदीव आपल्यापेक्षा श्रीमंत, मग डॉलर आपण काऊन देऊन राहिलो?

लक्ष्मीनगरचा_पोट्टा

मंडळी, ऑफिसात डब्याच्या वेळी वाद झाला आणि तो काही मिटला नाही म्हणून इथे टाकतोय. आमचा एक सिनियर म्हणते की मालदीवचं दरडोई उत्पन्न १२ हजार डॉलरच्या वर आहे आणि आपलं अडीच हजाराच्या आसपास, म्हणजे माणशी पाहिलं तर ते आपल्यापेक्षा चार-पाच पट श्रीमंत, तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेनं त्यांना ४० कोटी डॉलर आणि वरून ३ हजार कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची सोय करून दिली (म्हणजे ते त्यांचं चलन ठेवून आपल्याकडून डॉलर-रुपये घेतात), हे म्हणजे उलटी गंगाच झाली ना. दुसरा म्हणे अरे ती बिचारी बेटं आहेत, बुडणार आहेत, म्हणून सगळे देतात.

मला दोघांचंही पटलं नाही. जर्मनी-जपानसारखे कारखान्यावाले देश एकीकडे आणि हे चिमुकले बेटवाले दुसरीकडे, यांच्यात नेमका फरक काय आहे? उत्पन्नाचा आकडा जर बरा आहे तर अडते कुठे? इथे कोणी इकॉनॉमिक्सवाले असतील तर सांगा पण लेक्चर नको, आणि "गुगल कर" म्हणणाऱ्यांनी कृपया पुढे सरकावं.

कंटेनरवाला

इकॉनॉमिक्स माझा विषय नाही, बुटीबोरीत एका कंपनीच्या डिस्पॅचला आहे, पण भाडं कशाला म्हणतात ते कळते. आपला माल मिहानच्या डेपोतून रेल्वेनं न्हावाशेवाला जातो, आपण समुद्रापासून एवढे लांब तरी तिथे रोज कोणत्या ना कोणत्या जहाज कंपनीचं जहाज उभं असते, एकानं रेट वाढवला की दुसऱ्याला फोन लावायचा. लहान बेटावर हे चालत नाही. पॅसिफिकमधल्या काही बेटांवर जहाज कधीतरीच लागते, ते येताना भरून येते आणि जाताना जवळपास रिकामं जाते कारण तिथून न्यायला काही नसतेच, आणि ती रिकामी फेरी काही जहाजवाला धर्मादाय करत नाही भाऊ, तिचं भाडं येणाऱ्या बटाट्यावर, सिमेंटवर, डिझेलवरच बसते. जर्मनीचं तसं नाही, तिकडे माल येतेही आणि मशिनरी भरून जातेही.

मालदीवचंच पाहा. २०२४-२५ साठी आपल्या सरकारनं त्यांचा जो स्पेशल कोटा काढला त्यात कांदा ३५ हजार टनांच्या वर, तांदूळ सव्वा लाख टनाच्या जवळपास, अंडी ४२ कोटींच्या वर, आणि मजा म्हणजे वाळू आणि गिट्टी प्रत्येकी १० लाख टन. ज्या देशात चारी बाजूला वाळूच वाळू त्याला बांधकामाची वाळू बाहेरून! आणि हे सगळं पाच लाखांच्या आसपास लोकवस्तीसाठी, वर टुरिस्ट. तो कोटा निघाला तेव्हा इकडे कांद्यावर निर्यातबंदी चालू होती हे आठवत असेल, नाशिकवाले चिडलेले होते. म्हणजे दिल्लीत कोणी एक सही केली नाही तर त्यांच्या राजधानीत, मालेमध्ये, भाजी बिनकांद्याची.

पाण्याचंही तेच. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या खारं पाणी गोड करणाऱ्या प्लांटला आग लागली तर लाखावर लोकांच्या शहरात नळ बंद, आणि आपल्या हवाईदलानं विमानांनी पाणी नेलं, मागून नौदलाची जहाजं गेली. आता नागपुरातला एखादा प्लांट बंद पडला तर आपण शिव्या देऊ, टँकर बोलावू, पण देशाचं पाणी संपलं असं कोणी म्हणणार नाही.

तर्रीपोहे

मग सिंगापूर काय बे? तेबी बेटच हाये. त्यायच्याकडे तर पाणीबी मलेशियातून येते पाइपानं. जपानबी बेटंच. बेट असनं हे काही कारण नाही, काम करा लागते.

अर्थशास्त्र_रिटायर्ड

लेक्चर नको म्हणालात तरी थोडं होणारच, आयुष्यभर तेच केलं.

तर्रीपोहे, सिंगापूर दरवर्षी वर्गात कोणीतरी काढायचाच. सिंगापूर मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडावर बसलंय, युरोप आणि चीनमधली जहाजं त्याच्या दारावरून जातात, १९६५ मध्ये वेगळं झालं तेव्हा बंदर आधीपासून जोरात चालू होतं, आणि लोकसंख्या आज ६० लाखांच्या आसपास आहे. त्यांनी मेहनत केली नाही असं मी म्हणत नाही. पण पॅसिफिकमधल्या किरिबाटीच्या दारावरून कोण जातं? ३३ बेटं, सगळी जमीन एकत्र केली तरी ८०० चौरस किलोमीटरच्या थोडी वर, आणि ती पसरलीय ३५ लाख चौरस किलोमीटरच्या समुद्रात, म्हणजे भारताच्या एकूण क्षेत्रफळाहून जास्त पाण्यात. तिथे शाळा, दवाखाना, वीज प्रत्येक बेटावर वेगळी द्यावी लागते. सव्वा लाखाच्या आसपास वस्ती आहे. कारखाना काढून विकणार कोणाला?

तुम्हाला उदाहरणच हवं असेल तर आइसलँड घ्या, ते जास्त अडचणीचं आहे माझ्यासाठी. चार लाखांच्या आत लोक, थंडीनं गारठलेलं बेट, आणि तरी चांगलं श्रीमंत. का? एक म्हणजे नद्या आणि जमिनीखालची उष्णता यांच्यावर वीज स्वस्त, म्हणून कच्चा माल बाहेरून आणून तिथे ॲल्युमिनियम बनतं. दुसरं म्हणजे मासे. आणि हे मासे त्यांनी भांडून राखले. १९७५ मध्ये त्यांनी २०० सागरी मैलांपर्यंतचं पाणी आमचं म्हणून जाहीर केलं, ब्रिटनने मच्छिमारांच्या संरक्षणाला युद्धनौका पाठवल्या, आइसलँडच्या गस्तीच्या बोटी इंग्रजांच्या जाळ्यांचे दोर कापत फिरत होत्या, आणि शेवटी १९७६ मध्ये ब्रिटनला माघार घ्यावी लागली. कारण ब्रिटन ज्यात आहे त्या नाटो या लष्करी गटाचा केफ्लाविकचा तळ आइसलँडच्या जमिनीवर होता आणि तो बंद करू अशी धमकी त्यांच्या हातात होती. असं काही दाबायला नौरू-तुवालूसारख्या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटांच्या हातात काय होतं?

आता मूळ प्रश्नाकडे. दरडोई उत्पन्न हे सगळं सुरळीत असलेल्या वर्षाचं माप आहे, संकटात किती तग धराल हे ते सांगत नाही. तारखा बघा. २० डिसेंबर २००४ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मालदीवला सर्वांत अविकसित देशांच्या यादीतून बाहेर काढायचा ठराव केला, उत्पन्न वाढलं होतं ना. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. नुकसान देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या ६२ टक्के. मग ती बढती पुढे ढकलली, शेवटी २०११ मध्ये झाली. त्याच २०११ मध्ये जपानला जी त्सुनामी आली, अणुभट्टी फुटली, जगातलं सगळ्यांत महाग संकट म्हणतात त्याला, त्याचं नुकसान जपानच्या उत्पन्नाच्या ४ टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेत २००५ चं कतरिना वादळ, न्यू ऑर्लीन्स बुडालं, तरी देशाच्या हिशोबात एक टक्क्याच्या आसपास, कारण त्या दिवशी शिकागोत आणि कॅलिफोर्नियात कारखाने चालू होते, कर जमा होत होता, त्या पैशातून न्यू ऑर्लीन्स उभं करता आलं. २०१७ मध्ये कॅरिबियनमधल्या डॉमिनिकावर मारिया वादळ आलं तेव्हा नुकसान वर्षाच्या उत्पन्नाच्या २२६ टक्के होतं. एका रात्रीत दोन वर्षांची कमाई गेली, आणि मदतीला धावायला देशाचा दुसरा कोरडा भाग शिल्लकच नव्हता.

लक्ष्मीनगरचा_पोट्टा

सर हे २० आणि २६ डिसेंबरवालं भारी आहे, उद्या डब्याच्या वेळी हेच काढतो. पण मग बढती मिळाल्यावर तोटा काय होतो? यादीतून बाहेर पडणं तर चांगलंच ना?

अर्थशास्त्र_रिटायर्ड

कागदावर चांगलं. पण यादीत असताना युरोपात तुमचा माल करमुक्त जातो, काही ठिकाणी स्वस्त व्याजाचं कर्जही मिळतं. मालदीवचा टुना युरोपात बिनकराचा जात होता, बढतीनंतरची सवलतीची मुदत संपल्यावर २०१४ पासून त्यावर पूर्ण कर लागू झाला. मासा तोच, गळ टाकून एकेक पकडायची पद्धत तीच. उत्पन्नाची रेषा ओलांडली की स्वस्त कर्ज आटत जातं आणि बाजारभावाचं कर्ज वाढतं, मग पुढच्या वादळाला तुमचं उत्पन्न किती होतं हे विचारायची सवय नसते. बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली २०२२ पासून ब्रिजटाऊन योजनेच्या नावाने जे भांडताहेत त्यात हा एक मोठा मुद्दा आहे, की मदत उत्पन्न पाहून नका देऊ, धोका पाहून द्या, आणि संकट आलं की कर्जाचे हप्ते थांबवायची सोय करारातच लिहा.

धरमपेठची_ताई

सगळे बेटवाले रडतच बसलेत असं चित्र उभं राहतंय म्हणून थोडं मॉरिशसबद्दल. माझी एक आतेबहीण लग्न होऊन तिकडेच आहे, आणि तिथे कोकणातून पूर्वी गेलेला मराठी समाज आहे, गणपती अगदी दणक्यात होतो, त्यामुळे आमच्या घरी हा विषय असतोच.

१९६१ मध्ये जेम्स मीड नावाचे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ (यांना पुढे १९७७ ला नोबेल मिळालं) मॉरिशसबद्दल लिहून गेले की याचं काही खरं नाही, ऊस सोडून काही नाही, लोकसंख्या वाढतेय, वादळं येतात. १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं आणि १९७० मध्ये त्यांनी निर्यातीच्या कारखान्यांसाठी वेगळा कायदा केला, मग शर्ट-स्वेटर शिवायचे कारखाने आले, बायका मोठ्या संख्येने कामाला लागल्या. पण या गोष्टीत जे सांगत नाहीत ते असं की १९७५ पासून युरोपने त्यांची साखर ठराविक कोट्याने आणि जगाच्या बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त दराने घ्यायचं कबूल केलं होतं, अनेक वर्षं दुप्पट-तिप्पट दर. तो पैसा मळेवाल्यांनी हॉटेलांत आणि कापडात घातला. म्हणजे मेहनत होतीच, पण श्रीमंत देशांनी एक दार उघडं ठेवलं होतं म्हणून ती मेहनत कामी आली. आणि दार बंदही त्यांनीच केलं, कपड्यांचे कोटे (कोणत्या देशाने किती कपडे पाठवायचे याच्या मर्यादा) २००५ च्या सुरुवातीला गेले, साखरेचा करार २००९ ला संपला, बऱ्याच बायकांच्या नोकऱ्या गेल्या.

दरम्यान त्यांनी आणखी काय केलं तर आपल्यालाच गाठलं. :) भारत-मॉरिशस कर करार १९८२ चा, त्यामुळे मॉरिशसमार्गे भारतात गुंतवणूक केली की शेअर विकून झालेल्या नफ्यावर इथे कर नव्हता आणि तिथेही नव्हता. कितीतरी वर्षं भारतात येणाऱ्या परदेशी गुंतवणुकीत मॉरिशस एक नंबरला दिसायचा, तेरा लाखाच्या आतबाहेरचा देश! पैसा अर्थातच दुसऱ्यांचा. २०१६ मध्ये आपण तो करार बदलला. आणि २०२० मध्ये वर्ल्ड बँकेने त्यांना उच्च उत्पन्न गटात टाकलं, पण कोविडने टुरिस्ट बंद केले आणि २०२१ ला परत खाली. तर श्रीमंती येते, पण टिकवायला दर दहा-पंधरा वर्षांनी नवा धंदा शोधावा लागतो. जर्मनीला मोटारी सोडून दर पिढीत नवं काहीतरी शोधा असं कोणी म्हणत नाही.

तर्रीपोहे

ताई ते ठीक हाये पण नौरूचं कोणी बोलून नाही राहिलं. फुकटचा पैसा भेटला होता त्याइले, एकेकाळी अमेरिकेच्या वर उत्पन्न म्हणतात, सगळा उडवला. लंडनमध्ये नाटकं काढली म्हने. आता यात श्रीमंत देशायची काय चूक?

सदर_लायब्ररी

नाटकाचं खरं आहे, १९९३ मध्ये लंडनला एका संगीत नाटकात पैसा घातला आणि ते आपटलं. मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत बांधली होती, तीही विकावी लागली, पुढे तर २००५ मध्ये देशाचं एकुलतं एक मोठं विमान कर्जवाल्यांनी ओढून नेलं. उधळपट्टी झालीच, सल्लागारांनी लुटलं, कोणी नाकारत नाही. पण गोष्ट तुम्ही मधूनच सुरू केली.

नौरू म्हणजे २१ चौरस किलोमीटर, नागपूर महापालिकेच्या हद्दीत असे दहा तरी बसतील. तिथे फॉस्फेट निघालं, त्याचं खत होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून खोदकाम, आणि पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या तिघांचं एक मंडळ बसलं, त्यांनी ते फॉस्फेट काढायचं आणि स्वतःच्याच शेतकऱ्यांना बाजारभावापेक्षा स्वस्तात द्यायचं. नौरूच्या माणसाच्या हातात टनामागे किरकोळ पैसे. ऑस्ट्रेलियाची गव्हाची शेतं, न्यूझीलंडची दुधाची कुरणं या खतावर पोसली गेली. आपल्याकडे यवतमाळचा कापूस आणि भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात, हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको, फक्त इथे विकणारा आणि भाव ठरवणारा दोन्हीही तेच होते. १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं तोवर बराच साठा संपला होता आणि बेटाचा मधला बराच भाग नुसत्या दगडी सुळक्यांचा झाला होता, तिथे ना शेती होते ना घर बांधता येतं. १९८९ मध्ये नौरूने ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, ऑस्ट्रेलियाने आधी म्हटलं की ही केस चालूच शकत नाही, कोर्टाने १९९२ ला ते मानलं नाही, मग १९९३ मध्ये १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. तर चूक कोणाची याचा निकाल तुम्ही एका नाटकावरून लावू नका.

आणि बेटवाल्यांना पैसा सांभाळता येत नाही हेही खोटं. किरिबाटीकडेही बानाबा बेटाचं फॉस्फेट होतं, १९५६ मध्ये त्याच्या कमाईतून फंड सुरू केला, फॉस्फेट १९७९ ला संपलं, फंड आजही आहे. नॉर्वेने तेलाचा फंड १९९० मध्ये काढला, म्हणजे चौतीस वर्षांनंतर. (बानाबाच्या मूळ लोकांचं काय झालं ते विचारू नका, त्यांना दुसऱ्या महायुद्धानंतर फिजीच्या एका बेटावर नेऊन ठेवलं, ती वेगळी आणि जास्त वाईट गोष्ट आहे.)

मला विचाराल तर खरा फरक भाव कोण ठरवतो यात आहे. टुनाचं बघा. जगातला फार मोठा टुना पश्चिम आणि मध्य पॅसिफिकमध्ये, या बेटांच्या पाण्यात. पकडायला जपान, कोरिया, तैवान, अमेरिका, स्पेनची जहाजं यायची, प्रत्येक बेटाला वेगळं बसवून वाटाघाट करायची आणि चिल्लर हातावर ठेवून जायची. १९८२ मध्ये नौरूलाच या बेटदेशांचा आपसात करार झाला, आज त्यात आठ देश आहेत, आणि नंतर त्यांनी दिवस विकायला सुरुवात केली. म्हणजे सगळ्यांच्या पाण्यात मिळून वर्षाला अमुकच दिवस मासेमारी, प्रत्येक देशाला वाटा, आणि एका जहाजाच्या एका दिवसाची किमान किंमत ८ हजार डॉलर, त्याखाली कोणी विकायचं नाही. मधल्या खुल्या समुद्राच्या तुकड्यात जाऊन पकडलं तर आमच्या पाण्यात लायसन्स नाही. २०१० च्या आसपास वर्षाला ६ कोटी डॉलर मिळायचे, ते काही वर्षांत ५० कोटींच्या जवळ गेले. मासे तेवढेच. त्यासाठी नवा कारखाना काढावा लागला नाही.

तर्रीपोहे

हे दिवस विकायचं लय भारी हाये. मानलं. आपल्या कापूसवाल्यायनं असं काऊन नाही केलं मग?

सदर_लायब्ररी

कारण टुना दुसरीकडे एवढा नाही आणि कापूस ब्राझील, अमेरिका, आफ्रिका सगळीकडे आहे. एकी केली तरी गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. आणि अमेरिका आपल्या कापूसवाल्याला सबसिडी देते ती वेगळीच. पण तो वेगळा धागा होईल, इथे नको.

लक्ष्मीनगरचा_पोट्टा

सगळं वाचलं, दोनदा. पण माझा सिनियर परत तेच म्हणणार, की मालदीवमध्ये एका रात्रीचे रिसॉर्टवाले लाख रुपये घेतात, डॉलरमध्येच घेतात, मग डॉलर कमी कसे पडतात? आणि २०२४ च्या जानेवारीत आपण बॉयकॉट केला म्हणून पडले का?

कंटेनरवाला

बॉयकॉटनं काही झालं नाही भाऊ. २०२३ मध्ये सगळ्यात जास्त टुरिस्ट भारताचे होते, २०२४ मध्ये चीन वर गेला आणि एकूण टुरिस्ट तरी २० लाखांच्या पलीकडे गेले. व्हाट्सॲपवर आपण जिंकलो तेवढंच.

डॉलर कमी पडायचं कारण वर लिहिलं तेच, भाडं आणि आयात. पाहुणा पैसे भरते ते बरेचदा बाहेरच्या बुकिंग कंपनीला किंवा रिसॉर्ट चालवणाऱ्या परदेशी साखळीला, ताटातलं मटण, चीज, वाइन सगळं बाहेरचं, जनरेटरचं डिझेल बाहेरचं, वाढणारा पोरगा बांगलादेशचा नाहीतर आपल्या केरळचा आणि त्याचा पगार घरी जाते. उरलेल्या डॉलरमधून सरकारनं डिझेल घ्यायचं आणि जुन्या कर्जाचे हप्ते द्यायचे, विमानतळ, पूल यांच्यासाठी काढलेले. कोविडमध्ये २०२० ला त्यांची अर्थव्यवस्था एका वर्षात साधारण एक तृतीयांश आकसली, जर्मनीची तेव्हा चार टक्क्यांच्या आसपास. ते भोक बुजवायला पुन्हा कर्ज काढलं, आणि ती कर्जं आता डोक्यावर आहेत.

आणि सिनियरला एक सांग, ही अदलाबदल म्हणजे दान नाही, ती परत करायची असते. आपल्यालाही ती स्वस्तच पडते, तिथल्या समुद्रातून आपली तेलाची आणि मालाची जहाजं जातात, आणि आपण नाही दिले तर द्यायला बीजिंगवाले बसलेलेच आहेत.

धरमपेठची_ताई

सदर_लायब्ररी, एक राहिलं. पॅसिफिकचं पाणी तापतंय तसा टुना पूर्वेकडे सरकेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, म्हणजे या देशांच्या हद्दीतून बाहेर, खुल्या समुद्रात. मग दिवस विकणार कोणते?

सदर_लायब्ररी

होय, आणि तापवलं कोणी तर ज्यांची जहाजं येतात त्यांनीच जास्त. हद्दीबाहेर गेलेला मासाही आमच्या हिशोबातला धरा अशी मागणी त्यांनी आतापासून चालू केली आहे, कोणी लगेच ऐकेल असं वाटत नाही. पण वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटदेशानेच मागे लागून हवामानाचा प्रश्न हेगच्या कोर्टात नेला, मार्च २०२३ मध्ये आमसभेतून ठराव करून घेतला आणि जुलै २०२५ मध्ये कोर्टाने मत दिलं की हवामान राखणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. ते मत बंधनकारक नाही, त्यामुळे पैसे लगेच निघणार नाहीत. नौरूची केसही चार वर्षं चालली होती.